निवाऱ्यातली हरवलेली वही

…डाव्या हाताने मी शेवटचा शब्द पुरा करत आणला होता, एवढ्यात मागे बर्फात काठ्या रुतल्याचा आवाज आला आणि मी वही कोटाच्या आत सरकवली. का, ते विचारू नकोस. हाताने केलं, मला नंतर कळलं. उणे चौदा अंशांत रात्रंदिवस पडून राहिलेली वही बनियनला टेकली की माणसाचा श्वास अडकतो, आणि श्वास अडकलेला माणूस खोटं बोलायला तयार असतो.

(ताई, नमस्कार राहिला. आई असती तर हे पान फाडून पुन्हा लिहायला लावलं असतं. तेव्हा तुला आणि बेंग्टदाजींना माझा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा म्हणाली होतीस, त्याच्या आधीच्यात उजवा, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. दाजींनी कानातलं यंत्र लावायला सुरुवात केली का, की अजून खिशातच असतं? इथे सगळं ठीक. नळ गोठले नाहीत, तळघरातले बटाटे टिकले आहेत, सॉनाच्या वाफखोलीची चूल नवी बसवली. मी बरा आहे. झोप तेवढी लागत नाही, आणि ती का लागत नाही हे सांगण्याच्या घाईत नमस्कार मागे पडला.)

वही म्हणजे निवाऱ्यातली वही. तू १९७१ साली स्वीडनमध्ये वेस्तेरोसला गेलीस तेव्हा निवारा नव्हता. आता टेकडीच्या पलीकडे, स्कीच्या वाटेवर बाराव्या किलोमीटरला, तीन भिंतींचा एक लाकडी आडोसा आहे. समोर शेकोटी, मागे लाकडांची रास, खांबाला पत्र्याची पेटी, पेटीत वही आणि दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल. (पेन गोठतं.) स्कीवरून येणारा माणूस तिथे थांबतो, सॉसेज भाजतो, वहीत नाव लिहितो, तापमान लिहितो, वाटलं तर एखादा शब्द लिहितो. आपल्या लोकांना फारसं वाटत नाही. बावीस किलोमीटरची ती वाट मी एकोणीस हिवाळे पाडली. बर्फ पडला की पहाटे साडेचारला उठायचं, स्की संघाची बर्फगाडी काढायची, मागे लोखंडी साचा बांधायचा आणि कोणी जागं व्हायच्या आत रुळासारख्या दोन खाचा गावाभोवती ओढून ठेवायच्या. एकोणीस हिवाळ्यांत वहीत काय आलं, तर ‘उणे आठ. चांगलं.’ ‘उणे बावीस. थंडी.’ ‘उणे तीन. चिकट.’ एकदा ‘कोल्हा दिसला’ असं आलं आणि पुढची दोन पानं त्या कोल्ह्याबद्दल होती. मला त्याचं काही वाटलं नाही, हे तुला शपथेवर सांगतो. कुणी काम केलं की ते झालेलं दिसतं, त्यात बोलायचं काय? आपले बाबा आईला ‘सूप चांगलं झालंय’ असं कधी म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा वाडगा पुढे करायचे. संपलं.

आता या हिवाळ्यातली पानं ऐक. ‘वाट सुरेख. धन्यवाद, ओस्कारी.’ ‘ओस्कारी, तू गालिचा अंथरलास.’ ‘उणे अकरा, सूर्य, आणि अशी वाट. आणखी काय हवं.’ एका पानावर हृदय काढलं आहे, ताई. आपल्या लेहमोवारा गावात. शिसपेन्सिलीने. आतून रंगवलेलं.

ओस्कारी कोण, हे सांगायला हवं. तो हेलसिंकीहून आला. अठ्ठावन्न वर्षांचा, मुदतीआधी निवृत्त, पाठ सरळ, दात स्वतःचे. गेल्या वसंतात इथे सुट्टीला आला, घर बघितलं, घेतलं, बायकोसकट राहायला आला आणि सप्टेंबरात आपल्या स्की संघाचा सभासद झाला. मला पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ म्हणाला. आपल्याकडे ‘तुम्ही’ पाद्रीबाबांना आणि दात उपटणाऱ्या डॉक्टरला. बाकी कोणी म्हटलं तर समजावं, आपलं वय झालं आहे असं समोरच्याने ठरवलेलं आहे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी तुला हे पत्र लिहिलंच नसतं, वाईट माणसाचं काय करायचं ते मला कळतं. हा सगळ्यांना हात करतो. श्रमदानाला आला की झाडू स्वतःच्या घरून आणतो. महिला मंडळाच्या विणकामाला जाऊन बसतो आणि त्याला विणता येतं.

मग वाट त्याच्याकडे गेली कशी, हे तू विचारशील. माझ्या चुकीने गेली, पण ती चूक मी एकोणीस वर्षं बिनबोभाट केलेली होती. नोव्हेंबरातल्या सभेत वाटेच्या जबाबदारीचा विषय निघाला की मी दरवर्षी म्हणायचो, ‘यंदा दुसऱ्या कोणी घ्यावं, माझं पुरे झालं.’ मग सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायचे. साधारण अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात खोलीतल्या प्रत्येकाला मी काय करतो ते कळायचं, आणि मला त्यांना कळलेलं कळायचं. मग आपली अध्यक्ष हिल्का (किराणावाल्या नूर्मीची धाकटी, तिला तू मांडीवर खेळवलं आहेस) म्हणायची, ‘मग पूर्वीप्रमाणेच,’ आणि लाकडी हातोडी टेबलावर आपटायची. मी सुस्कारा सोडायचो. तो सुस्कारा इतिवृत्तात येत नाही, पण त्याच्याशिवाय निवड पुरी होत नाही. वर्षभरात मला जेवढं मिळायचं ते त्या अर्ध्या मिनिटात मिळायचं.

यंदाही मी तेच म्हणालो. सगळ्यांनी कपात बघितलं. आणि टेबलाच्या टोकाकडून ओस्कारी म्हणाला, ‘गरज असेल तर मी घेऊ शकतो.’

संघाच्या बासष्ट वर्षांत हे वाक्य कोणी बोललेलं नाही. काउकोची दालचिनीची पोळी तोंडाच्या वाटेवर थांबली. (काउको म्हणजे माझा शेजारी, एक्क्याऐंशी वर्षांचा, रोज स्की करतो आणि रोज कोणाला तरी टोचतो.) हिल्काची हातोडी हवेत होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिने वाट पाहिली, ताई, मी हे तिच्या बाजूने सांगतो. आणि मी काय केलं? मी कपात बघितलं. सवय. हातोडी पडली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण इतिवृत्त बरोबर आहे असं सही करून सांगायला दोन सभासद लागतात आणि त्यातला एक दरवर्षी मी असतो. आठवड्याने हिल्काने कागद आणून दिला. ‘एन्सिओ यांनी जबाबदारीतून मुक्त होण्याची इच्छा व्यक्त केली. सभेने ती मान्य केली व त्यांच्या एकोणीस वर्षांच्या कार्याची नोंद घेतली.’ नोंद घेतली. मी प्रत्येक शब्द तपासला. एकही चुकीचा नव्हता. मी खरंच तसं म्हणालो होतो, बारा माणसांनी ऐकलं होतं. सही केली. दुसऱ्या प्रतीवरही केली. मला निवाऱ्याच्या लाकडांचा प्रमुख नेमलं. संघात असं पद पूर्वी नव्हतं, ते माझ्यासाठी काढलं. यावरून काय समजायचं ते तू समज.

तर लाकडं घेऊन मी आठवड्यातून दोनदा निवाऱ्याकडे जातो, आणि गेलो की वही वाचतो, धन्यवाद मोजत. त्या मंगळवारी मी ठरवलं की वहीत समतोल यायला हवा. पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि लिहिलं, ‘औलूहून सहकुटुंब आलो. तिसऱ्या चढावर वाट वाकडी. मुलं पडली.’ शेवटच्या शब्दाशी होतो तेव्हा काठ्या वाजल्या. पुढचं तुला माहीत आहे.

ओस्कारी होता. आदल्या पहाटे पाडलेली वाट कशी बसली ते बघायला स्कीवरून आला होता. (मी कधी बघायला गेलो नाही. वाट एकदा पाडली की ती लोकांची.) त्याने थर्मासमधली कॉफी मला आधी ओतली. मग तापमान लिहायला पेटी उघडली.

‘वही नाही,’ तो म्हणाला.

‘नसेल,’ मी म्हणालो.

‘तुम्ही आलात तेव्हा होती?’

‘मी लाकडं बघतो.’

हे खोटं नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. त्याने पेटीमागे बघितलं, बाकाखाली बघितलं, शेकोटीतली राख काठीने उकरली. राख उकरताना त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला आत हाडं सापडणार आहेत. तिथूनच त्याने हिल्काला फोन लावला. मी म्हणालो की मी निघतो. तो म्हणाला, मीही येतो. मग आम्ही दोघं बरोबर निघालो, तो पुढे, मी मागे, एका हाताने छातीपाशी वही धरून. चार किलोमीटर उतार एका काठीने. सहाशे पावलांवर त्याने वळून बघितलं आणि तो थांबला.

‘एन्सिओ, छातीत दुखतंय का?’

‘नाही.’

‘हात तिथे का धरलाय?’

‘थंडी.’

‘डाव्या हातात कळ येते?’

शिसपेन्सिलीची शाई बोटांना लागत नाही म्हणून बरं, नाही तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. मी नाही म्हणालो. त्याने ऐकलं नाही. माझी पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतली, पुढचा सगळा उतार माझ्या वेगाने उतरला आणि मला दारापर्यंत पोचवलं. कोट काढून झोपा म्हणाला. मी म्हणालो, मी कोट घालूनच झोपतो. संध्याकाळी त्याची बायको वाटाण्याचं सूप घेऊन आली. बुधवारी पुन्हा आली. गुरुवारी मांसाचे गोळे होते. ताई, मी ते सगळं खाल्लं. सूप चांगलं होतं. हे तुला सांगतो, तिला सांगितलं नाही. मी वाडगा दुसऱ्यांदा पुढे केला, पण तिला त्याचा अर्थ माहीत नाही. तिला वाटलं मला भूक आहे.

तुला वाटेल, मी वही गुपचूप परत का ठेवली नाही. मी बुधवारी सकाळी नेलीच होती. निवाऱ्यात काउको बसला होता. पेटीकडे बघत. हिल्काने त्याला बसवलं होतं, नेणारा माणूस परत येतो म्हणून.

‘आलास,’ काउको म्हणाला.

‘लाकडं,’ मी म्हणालो.

‘लाकडं कुठे आहेत?’

मी लाकडं न घेता गेलो होतो. म्हणालो, किती लागतील ते बघायला आलो.

‘एन्सिओ, लेका, तुझ्या डोळ्यांदेखत अख्खी वही गेली,’ तो म्हणाला. ‘आता लाकडांना तरी साखळी बांध. नाही तर पुढच्या वर्षी तुला काजळी-प्रमुख करतील.’

दुपारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. पहिला अर्धा तास ही बैठक नियमात बसते का यावर गेला, कारण नियमात सात दिवसांची सूचना लागते आणि वही हरवून एकच दिवस झाला होता. मग हिल्काने असं काढलं की ही बैठक नाहीच, हे कॉफीला जमलेले लोक आहेत. कॉफीला जमलेल्या लोकांनी ठराव केला की शनिवारी श्रमदान करायचं आणि निवाऱ्याभोवतीचा बर्फ चाळून काढायचा. शोधाचं नेतृत्व कोणी करायचं? ओस्कारी म्हणाला, ‘तो भाग एन्सिओइतका कोणाला माहीत आहे?’ सगळ्यांनी कपात बघितलं. ताई, पूर्ण अर्धा मिनिट. मी इतक्या महिन्यांनी त्या शांततेत पुन्हा बसलो होतो. ‘दुसऱ्या कोणी करावं’ हे शब्द माझ्या जिभेवर आले आणि मी ते गिळले, कारण टेबलाच्या टोकाला ओस्कारी होता. मी म्हणालो, ‘करतो.’ असं पटकन होकार देणं फार उघडं वाटतं. लोकांसमोर चड्डी बदलल्यासारखं.

तर आज, शनिवारी, मी ते श्रमदान चालवलं. सतरा माणसं आली. मागे बेऱ्या गोळा करायला गेलेली म्हातारी जंगलात चुकली होती तेव्हाही नऊच आली होती. मला पिवळं जाकीट दिलं, त्याच्या पाठीवर ‘प्रमुख’ असं लिहिलेलं आहे. मी निवाऱ्याभोवतीच्या जंगलाचे भाग पाडले, प्रत्येक भागाला दोन माणसं, एक फावडं, एक दाताळं. वही जिथे नाही हे मला पक्कं ठाऊक होतं तिथेच मी त्यांना पाठवलं, म्हणजे सगळीकडे. आणि मी ते नीट केलं. हातभरही जागा सोडली नाही. काम सुरू झालं की ते बरोबर व्हावं असं मला वाटतं, त्यात शोधायची वस्तू माझ्या सॉनाच्या बाकाखाली आहे हा भाग वेगळा. चार तासांत त्यांना एक हातमोजा, स्कीच्या काठ्यांच्या दोन चकत्या, कोणाचा तरी खालचा दातांचा संच आणि मी २०१४ साली हरवलेली पान्यांची पिशवी सापडली. (पिशवी मिळाली याचा मला आनंद झाला. तो दाखवणं योग्य नव्हतं.) हिल्का दात घेऊन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरली. काउको म्हणाला, ‘माझ्याकडे बघू नकोस बाई, माझे मी घरी ठेवून आलो.’

सगळ्यात जास्त बर्फ ओस्कारीने उपसला. तो थांबतच नव्हता. मी प्रमुख म्हणून जाऊन त्याला कॉफी घ्यायला सांगितलं. तो फावड्यावर टेकून म्हणाला, ‘दुसरी वही आणता येईल हो. पण तुमची इतकी वर्षं त्यात आहेत.’

 ‘उणे आठ, चांगलं’ असं आहे त्यात, मी म्हणालो. तो म्हणाला, ‘तेच तर.’

असल्या माणसाचं काय करायचं ते मला सांग. शेवटी सॉसेज भाजली, मोहरी संपली, वही सापडली नाही. हिल्काने चार वाक्यांचं भाषण केलं आणि त्यातलं एक असं होतं की शोध उत्तम आयोजित होता. सगळ्यांनी हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे आवाज आला नाही, पण मी बघितल्या. मग ओस्कारीने पिशवीतून नवी वही काढली. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, पाऊस लागला तरी न फुगणारा कागद, शहरातून मागवलेली. पेटीत ठेवली. पहिलं नाव तुम्ही लिहा म्हणाला. मी म्हणालो, मी स्कीवरून आलेलो नाही, बर्फगाडीवरून आलो आहे, आणि वही स्कीवाल्यांची आहे. हे खरं आहे. नियम आहे.

घरी येऊन सॉना तापत घातला आणि तो तापेपर्यंत बाकाखालची वही काढून पहिल्यापासून वाचायला बसलो. तेरा हिवाळे, त्याआधीची वही भरून गेली होती. जुन्या पानांत कोण कोण आहे, ताई. लेम्पी मास्तरीण आहे, वारली त्या आठवड्यातली सही थरथरलेली. काउकोचं नाव चारशेवर वेळा आहे आणि प्रत्येक वेळी त्याचं तापमान माझ्या थर्मामीटरपेक्षा एका अंशाने कमी, तो मुद्दाम करतो. आणि मग गेल्या वर्षीचा मार्च आला. हंगामाच्या शेवटी मी वही एकदा चाळतो, पण गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनमुळे ते राहिलं होतं. रविवार, सतरा मार्च. अनोळखी अक्षर. ‘उणे पाच. हेलसिंकीहून सुट्टीला आलो. ही वाट कोणी पाडली ते माहीत नाही, पण इतकी सरळ वाट मी कुठे बघितली नाही. ज्याने पाडली त्याला धन्यवाद. अशा गावात राहावंसं वाटतं. ओस्कारी.’

त्या आधीच्या एकाही पानावर ‘धन्यवाद’ हा शब्द नाही. मी मागे जाऊन पुन्हा बघितलं. नाही. तो त्याने आणला. त्याच्या खाली आठवड्याने कोणी तरी लिहिलं आहे, ‘खरं आहे,’ आणि तिथून हळूहळू लोकांना सवय लागली, आणि सवय लागेपर्यंत मी सभेत कपात बघितलं होतं, वाट गेली होती.

आता मला त्याचा राग करायलासुद्धा जागा उरली नाही. हे त्याने बरोबर केलं नाही. माणसाने दुसऱ्याला काही तरी ठेवावं. तो गावात आला तो माझ्या वाटेमुळे आला, सूप मला त्याच्यामुळे मिळालं, आणि पहिला धन्यवादही मला त्यानेच दिला. माझ्याकडे आता फक्त एक पिवळं जाकीट आहे आणि तेसुद्धा सोमवारी परत द्यायचं आहे. सॉनात मी दोन तास बसलो. दगडांवर पाणी टाकायचं विसरलो.

बाकी सर्व ठीक. दाजींना यंत्र लावायला सांग. गुडघ्यांना गरम कपडा बांध, दोन्ही. इथे आज रात्री पुन्हा बर्फ सांगितला आहे.

तुझा धाकटा भाऊ,
एन्सिओ

ता. क. या पत्राबरोबर एक जड वस्तू आहे, ती उघडल्यावर तुला दिसलीच असेल. ती तू तिथून संघाच्या पत्त्यावर पाठव. स्वीडनचं तिकीट लाव. बरोबर एक चिठ्ठी घाल, स्वीडिशमध्ये, की आम्ही पाहुणे म्हणून आलो होतो, वही चुकून सामानात आली, क्षमस्व. सही कोणत्याही स्वीडिश आडनावाची कर, बेंग्टदाजींचं सोडून. तुझं अक्षर इथे कोणाला आठवत नाही आणि स्वीडिश माणसाने आपली वही नेली यावर गावात एकही माणूस शंका घेणार नाही. काउको तर म्हणेल, मला पहिल्यापासून वाटत होतं. यात कोणाचं नुकसान नाही.

ता. क. दोन. सतरा मार्चचं पान वहीत नाही. ते ब्लेडने कापलं आहे, नीट, शिवण न उसवता. माझ्या स्वयंपाकघराच्या खणात आहे. तेही स्वीडिश लोकांच्या नावावर जाईल. त्याबद्दल मला काही विचारू नकोस आणि फोनवर तर मुळीच काढू नकोस. शेवटच्या पानावर औलूच्या कुटुंबाची नोंद आहे, ती मात्र राहू दे. तिसऱ्या चढावर वाट वाकडी आहेच.

ता. क. तीन. रविवार. पाकीट पुन्हा उघडलं, टपाल उद्या निघतं. रात्री तीस सेंटिमीटर बर्फ पडला. पहाटे साडेचारला ओस्कारीच्या बायकोचा फोन आला. कालच्या फावड्याने त्याची पाठ धरली आहे, कुशीवर वळता येत नाही, बर्फगाडीची किल्ली दाराबाहेर ठेवली आहे. बावीस किलोमीटर मी पाडले. नऊला संपलं. मग स्की घालून निवाऱ्याकडे गेलो. अकरापर्यंत नव्या वहीत अकरा नावं होती. नऊ जणांनी लिहिलं आहे, ‘धन्यवाद, ओस्कारी.’ एकाने नुसतं तापमान लिहिलं आहे. काउकोने लिहिलं आहे, ‘उणे सात. वाट आज पूर्वीसारखी.’ मी खाली माझं नाव लिहिलं, उणे सहा, आणि किल्ली नेऊन त्याच्या दारात ठेवली.